सूचौच्या बागा : आईबाबांना घेऊन निवांत चार दिवस – माहिती हवी आहे

रानजाई
नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन भावाकडे शांघायला जायचं नक्की झालंय. व्हिसाचे अर्ज मुंबईत देऊन झाले. तिथून सूचौला (नकाशावर सुझोऊ असंही दिसतं) चार दिवस राहायचा विचार आहे. कारण बाबा. ते चित्रकलेचे शिक्षक होते. तिथल्या जुन्या बागांची चित्रं त्यांनी वर्षानुवर्षं कात्रणांच्या वहीत चिकटवून ठेवली आहेत. ती वही घेऊनच ते निघणार आहेत.

मागच्या परदेश सहलीत एका कंपनीबरोबर गेलो होतो. गाडीतून उतरा, फोटो काढा, गाडीत बसा, असे दहा दिवस. आई परत आली आणि म्हणाली, "काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही." ते वाक्य मला अजून लागतं. त्यामुळे या वेळी कमी पाहायचं पण नीट पाहायचं, एवढंच ठरवलंय.

आई ६८, बाबा ७३. आईचा एक गुडघा बदललेला आहे. सपाटीवर चालते, पण चढउतार आणि घाई जमत नाही. ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. तर कोणत्या बागा निवडाव्यात, मुक्काम कुठे करावा, जेवणाचं काय, आणि ऑक्टोबर कसा असतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

सह्यवारा
रानजाई, नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सूचौत चार वर्षं काढली, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

आधी तारखा बघा. १ ते ७ ऑक्टोबर चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते. अख्खा देश फिरायला बाहेर पडतो. त्या आठवड्यात सूचौला पाय ठेवू नका. १२ तारखेनंतर गेलात तर हवाही छान असते, आणि नशीब असेल तर शहरभर ओस्मँथसचा वास सुटलेला असतो. तिकडे त्याला क्वेहुआ म्हणतात. बारीक पिवळी-केशरी फुलं, पानाआड लपलेली, पण वास गल्ली ओलांडून येतो. हेच सूचौचं शहर-फूल आहे.

युनेस्कोच्या यादीत सूचौच्या एकूण नऊ बागा आहेत. १९९७ साली चार घेतल्या, २००० साली आणखी पाच. नऊच्या नऊ बघायच्या भानगडीत पडू नका. दिवसाला एक बाग, फार तर एक मोठी आणि एक लहान. माझा क्रम सांगते.

वांगशी युआन, म्हणजे जाळेवाल्याची (कोळ्याची) बाग. सगळ्यात आधी ही. जेमतेम सव्वा एकर, घरासकट. मुळात बाराव्या शतकातली, अठराव्या शतकात नव्याने बांधली आणि तेव्हाच तिला हे नाव मिळालं. मालक सरकारी अधिकारी होता, पण नाव घेतलं कोळ्याचं, म्हणजे आता दरबार पुरे, पाण्याकाठी राहतो असं. मधलं तळं लहानच आहे, पण काठाचे दगड आत-बाहेर असे रचलेत की पाणी कुठे संपतं ते कळतच नाही. तळ्याच्या कोपऱ्यात एक दगडी पूल आहे, तीन पावलांत ओलांडता येतो. बाबांना तो आवडेल.

च्वोचंग युआन ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात प्रसिद्ध. जवळपास तेरा एकर. वांग श्येनचन नावाच्या मिंग काळातल्या अधिकाऱ्याने नोकरी सोडून १५०९ साली ती सुरू केली. नावाचा अर्थ साधारण 'अडाण्याचा कारभार'. एका जुन्या कवीने म्हटलं होतं, झाडांना पाणी घालणं नि भाजी विकणं हाच माझ्यासारख्या अडाण्याचा राज्यकारभार. ते तिथून आलं. सकाळी साडेसातला दार उघडतं. साडेसातलाच जा. नऊ वाजले की गाईडचे झेंडे आणि भोंगे सुरू.

ल्यू युआन, त्सांगलांग थिंग आणि यी फू यांबद्दल दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, आता मुलाला शाळेतून आणायचंय.

पांथस्थ
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. च्वोचंग युआन वगळली तरी चालेल असं माझं मत. आम्ही गेलो तो नेमका सुट्टीचा आठवडा होता. दोन तास माणसांच्या पाठी बघितल्या. पुलावर थांबायची सोय नव्हती, मागून रेटा. मुलगी रडायला लागली. पाणी किती होतं, कमळं होती की नव्हती, मला काही आठवत नाही. तुमच्या आईंचा गुडघा लक्षात घेता तिथे नेऊ नका असं मनापासून सांगावंसं वाटतं.

सह्यवारा
पांथस्थ, तुम्हाला झालेला त्रास खरा आहे, पण तो त्या आठवड्याचा. मी त्या बागेत नोव्हेंबरातल्या मंगळवारी सकाळी एकटी बसलेली आहे, समोर फक्त एक माळी होडीतून सुकलेली पानं काढत होता. रानजाईंच्या बाबांनी आयुष्यभर तिची चित्रं जमवली आहेत. ती वगळायला कसं सांगू? फक्त शनिवार-रविवार टाळा आणि लवकर जा.

गुडघ्याचं म्हणाल तर पूर्वेकडचा भाग बराचसा सपाट आहे. मधल्या भागात लहान लहान पूल आणि दोन-चार पायऱ्या लागतात. सगळीकडे सांभाळायचे ते उंबरे. जुन्या घरांचे लाकडी उंबरे चांगले वीतभर, कुठे त्याहून उंच असतात. आणि गोट्यांची फरसबंदी ओली झाली की निसरडी होते. रबरी सोलचे बूट आणि एक काठी जवळ असू द्या.

विटकरी
छान धागा. मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे, पुण्यात. बाबा चित्रकार आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या बागा म्हणजे फुलांचे ताटवे आणि हिरवळ अशी कल्पना डोक्यात असेल तर ती बाजूला ठेवा. तिथे घर आणि बाग वेगळी नाहीत. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, पाणी, दगड, आणि या सगळ्याला बांधणारी आच्छादित ओसरी. भिंत हा कागद आणि तिच्यापुढचं झाड किंवा दगड हे चित्र. दुपारी चारच्या सुमाराला बांबूची सावली त्या भिंतीवर पडते तेव्हा शाईने काढल्यासारखी दिसते. बाबांना सांगा, भिंतीसमोर बसा आणि अर्धा तास काही करू नका.

दुसरं, 'उसना घेतलेला देखावा'. च्वोचंग युआनच्या मधल्या भागात पूर्वेच्या बाजूला उभं राहून पश्चिमेकडे बघा. तळ्याच्या टोकाला, झाडांच्या वर, एक नऊ मजली पॅगोडा दिसतो. तो बागेतला नाहीच! तो पैसथा, उत्तर मंदिराचा पॅगोडा, शहरात बराच लांब आहे, ७६ मीटर उंच. त्यांनी झाडं आणि इमारती अशा बसवल्या की मधलं शहर झाकलं जावं आणि फक्त तो मनोरा तळ्यात उतरावा.

तिसरं, दगड. ताई सरोवरातले चुनखडीचे दगड, पाण्याने खाऊन भोकं पडलेले. ते पारखायच्या चार कसोट्या आहेत: अंगाने सडपातळ, कातडी सुरकुतलेली, आत पोकळ्या, आणि आरपार भोकं. ल्यू युआनमध्ये क्वानयून फंग नावाचा एकच दगड आहे, साडेसहा मीटर उंच. 'ढगाची टोपी घातलेलं शिखर' असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा बघितलं की माणूस म्हणतो, यात काय एवढं? तिथेच थांबा. त्याच्या पुढ्यात छोटं तळं आहे, त्यात त्याचं प्रतिबिंब हलतं, आणि मग तो दगड धुरासारखा वर जाताना दिसायला लागतो.

ल्यू युआनचं प्रवेशद्वारही नीट अनुभवा. रस्त्यावरून आत शिरलं की अरुंद, अंधारी, वळणावळणाची वाट. इकडे एक फट उजेड, तिकडे एका चौकोनात एकच झाड. आणि मग जाळीच्या खिडक्यांची रांग येते, त्यातून तळं तुकड्या-तुकड्याने दिसतं. सगळं तळं अजून दाखवत नाहीत. आपल्या जुन्या वाड्यात दिंडी, देवडी आणि मग एकदम चौकाचा उजेड येतो, तेच इथे पन्नासेक पावलं लांबवलंय.

अनवट
विटकरी, काय लिहिलंय! जपून ठेवतोय हा प्रतिसाद.

माझी भर एवढीच: यी फू चुकवू नका. १५४१ सालची बाग, तिकीट अगदी किरकोळ, साध्या राहत्या गल्ल्यांतून वाट शोधत जावं लागतं. वाटेत कुणाची कपडे वाळत घातलेली दोरी, कुणाचा भाजी निवडणारा स्टूल. आत गेल्यावर तळ्यावर बांधलेला एक लांबलचक दिवाणखाना आहे, तोच चहाघर. काचेच्या पेल्यात सुटी पानं घालून देतात आणि बरोबर गरम पाण्याचा थर्मास. पाणी संपेपर्यंत बसा, कुणी उठवत नाही. आजूबाजूला गावातले म्हातारे सूचौच्या बोलीत गप्पा मारत असतात, सूर्यफुलाच्या बिया फोडत असतात. मी दोन तास बसलो होतो. तुमच्या चार दिवसांतला एक आख्खा सकाळचा वेळ याच्यासाठी ठेवा.

शिझलिन, म्हणजे सिंहवन, मात्र आईंना नको. १३४२ साली एका बौद्ध भिक्षूसाठी शिष्यांनी केलेली बाग आहे, पुढे बै घराण्याकडे आली, प्रसिद्ध वास्तुरचनाकार आय. एम. पेई याच घराण्यातले. पण तिचा जीव आहे तो दगडांच्या भुलभुलैयात, वर चढा, खाली उतरा, वाकून बोगद्यातून जा. लहान मुलांना स्वर्ग. गुडघ्यांना नाही.

माधवी_ठाणे
रानजाई, मी शाकाहारी आहे आणि दोनदा जाऊन आले, त्यामुळे जेवणाचं मी सांगते.

'सू' हा शब्द आणि त्याचं चिनी अक्षर भावाकडून फोनवर घेऊन ठेवा. 'वो छ सू' म्हणजे मी शाकाहारी जेवते. पण तेवढ्याने भागत नाही. सूचौची नूडल्स फार प्रसिद्ध, पण वर मशरूम किंवा भाजी असली तरी खालचं पाणी हाडांचं असतं. भावाला एक चिठ्ठी लिहायला सांगा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, रस्साही मांसाचा नको. मी ती चिठ्ठी पाकिटात घालून फिरायचे.

खात्रीचं जेवण देवळांत. ल्यू युआनपासून थोडं पश्चिमेला चालत गेलं की शीयुआन मंदिर आहे. तिथे साध्या शाकाहारी नूडल्स मिळतात, रस्साही शाकाहारी, आणि बौद्ध देवळाच्या रिवाजाप्रमाणे कांदा-लसूणही नाही. सकाळी ल्यू युआन आणि दुपारी हे जेवण असं जुळवा. पाचशे अर्हतांच्या (सिद्ध बौद्ध साधूंच्या) मूर्तींचं दालन आहे, आवारात भरपूर मांजरं आहेत. माझ्या सासूबाई एका मांजरापाशीच रमल्या होत्या.

गोड आवडत असेल तर कमळकाकडीत (कमळाच्या कंदात) चिकट तांदूळ भरून शिजवतात, वर ओस्मँथसचा पाक. आणि ऑक्टोबरात ताजं 'चीथौमी' मिळेल. बघितलंत की ओळखाल, तो आपला मखाणाच! आपल्याकडे तो लाह्या करून येतो, तिथे ताजा, मोत्याएवढा, साखरेच्या पाण्यात नुसता उकळी काढून देतात. गल्लीत बायका बसून बोटांना लोखंडी नखं लावून एकेक बी सोलतात. दिवसभर सोलून वाटीभर होतं, म्हणून महाग. पण आईंना नक्की द्या.

रानजाई
किती मनापासून लिहिताय सगळे! बाबांना वाचून दाखवलं. विटकरींचा पॅगोडा ऐकून ते आत गेले आणि वही घेऊन आले. त्यांच्या कात्रणात तो मनोरा आहे, पण त्यांना तो इतकी वर्षं बागेतलाच वाटत होता.

आता व्यवहाराचे प्रश्न. पैसे, तिकिटं, आगगाडी, आणि राहायचं कुठे?

सह्यवारा
आगगाडी सोपी आहे. शांघायहून वेगवान गाडीने अर्धा तास. फक्त स्टेशन नीट बघा. सूचौ आणि सूचौ उत्तर अशी दोन तर तुम्हाला दिसतीलच. जुन्या शहरासाठी नुसतं 'सूचौ' बरं, तिथून ४ नंबरची मेट्रो सरळ जुन्या शहराच्या मधून जाते. आणि एक मोठा घोटाळा टाळा: शेजारच्या आनह्वे प्रांतात रोमन लिपीत अगदी हेच स्पेलिंग असलेलं दुसरं शहर आहे. चिनी अक्षरं वेगळी, पण आपल्याला दिसतं तेच. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी तिकडचं तिकीट काढलं होतं, स्टेशनावर उभं राहून फोन केला. भावाला तिकीट काढू दे किंवा च्यांगसू प्रांत आहे ना ते तपासा.

पैशांसाठी अलीपे (पैसे द्यायचं ॲप) फोनवर घेऊन त्याला तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड भारतातूनच जोडून या. थोडे रोख युआन (तिथलं चलन, बागेच्या नावातलं 'युआन' वेगळं) जवळ हवेतच. बागांची तिकिटं पासपोर्टवर नाव लावून आधी काढावी लागतात, मोठ्या बागेचं ७०-८० युआनच्या आसपास, लहानांचं त्याहून खूप कमी. पासपोर्ट रोज अंगावर ठेवा. सूचौ म्युझियम च्वोचंग युआनला चिकटूनच आहे, पेईंनीच बांधलं, २००६ साली उघडलं. प्रवेश मोफत, पण आगाऊ नोंदणी लागते आणि सोमवारी बंद.

मुक्काम फिंगच्यांग रस्त्याच्या आसपास. कालव्याकाठची जुनी गल्ली आहे. संध्याकाळी मुख्य रस्त्यावर गर्दी असते, पण एक गल्ली आत वळलं की शांत. परदेशी पासपोर्ट चालतो ना, हे आधी विचारून घ्या, काही लहान घरगुती लॉज नाही म्हणतात.

तिथून चालत ओऊ युआन. या बागेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तिन्ही बाजूंना पाणी. एकोणिसाव्या शतकात शन पिंगछंग नावाचा अधिकारी आणि त्याची कवयित्री बायको यान योंगह्वा इथे राहायला आले. मधे घर, पूर्वेला एक बाग, पश्चिमेला एक. नावाचा अर्थच जोडी, म्हणजे दोघांनी मिळून नांगर ओढणं. एका माडीचं नाव 'वल्ह्याचा आवाज ऐकायची माडी' आहे. खाली कालव्यातून होडी जाते तेव्हा खरंच ऐकू येतो.

दूर्वा
मी कधी चीनला गेले नाही, पण एक विचारायचं आहे. पाऊस आला तर? ऑक्टोबरात पडतो का?

विटकरी
दूर्वा, मोठा पाऊस तिथे जून-जुलैत, आलुबुखारासारखी फळं पिकतात तेव्हाचा. ऑक्टोबरात अधूनमधून एखादा दिवस. पण पाऊस आला तर मी म्हणेन, नशीब उघडलं.

च्वोचंग युआनमध्ये पाऊस ऐकण्यासाठी जागा बांधल्या आहेत. एका अंगणातल्या मंडपाचं नावच 'पाऊस ऐकायची ओसरी'. पुढे लहानसं तळं, त्यात कमळाची पानं, आणि बाजूला केळी लावल्या आहेत. केळीच्या फळासाठी नाही, पानावर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजासाठी. पश्चिम भागात आणखी एक इमारत आहे. तिच्या नावामागे जुन्या कवितेची ओळ आहे: सुकलेली कमळाची पानं काढू नका, त्यांच्यावरचा पाऊस ऐकायचाय. म्हणजे शरदातली वाळकी पानंही तिथे कचरा नाही.

त्याच भागात पंख्याच्या आकाराचा एक छोटा मंडप आहे. छप्पर, खिडकी, टेबल, सगळं पंख्याच्या आकाराचं. नाव आहे 'कोणासोबत बसू?' ते सु शी या सोंग काळातल्या कवीकडून घेतलंय, आणि त्याचं उत्तर त्यानेच दिलंय: चंद्र, वारा आणि मी.

दूर्वा
केळीच्या पानावरचा पाऊस! आमच्या हर्णैच्या घरात मागीलदारी केळी आहेत, पावसाळ्यात रात्री झोपताना तोच आवाज. त्याच्यासाठी कुणी मंडप बांधला असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

अनवट
त्सांगलांग थिंग राहिली. नऊ बागांतली सगळ्यात जुनी. सु शुनछिन हा अधिकारी पदावरून काढला गेला, सूचौला आला, आणि १०४५ च्या सुमारास चाळीस हजार नाण्यांना पडीक जमीन घेतली. त्याच्या मित्राने, ओउयांग श्यूने, कवितेत हळहळ केली होती की वारा-चांदणं अमोल, आणि विकलं गेलं चाळीस हजारांना. इतर बागांत पाणी भिंतीच्या आत असतं, इथे ते बाहेर, रस्त्याच्या कडेला. तिकीट न काढताही बागेचा निम्मा आनंद मिळतो. ओसरीच्या भिंतीत जाळीच्या खिडक्या आहेत, १०८ मोजतात, एकीसारखी दुसरी नाही. बाबांनी वही घेऊन जावं.

रानजाई
ठरलं. पहिला दिवस दुपारी पोहोचून फक्त ओऊ युआन. दुसऱ्या दिवशी सकाळी च्वोचंग युआन, दुपारी आराम. तिसऱ्या दिवशी ल्यू युआन, देवळातलं जेवण, जमलं तर संध्याकाळी वांगशी. चौथ्या दिवशी यी फूला चहा, मग त्सांगलांग थिंग. थोंगली गावातली बाग (तीही त्या नऊतलीच) पुढच्या वेळी. आल्यावर लिहिते.

रानजाई
(तीन महिन्यांनी)

मंडळी, परत आलो. तुम्हा सगळ्यांना आईबाबांचा नमस्कार आहे.

च्वोचंग युआनच्या दिवशी पाऊस लागला. पहाटेच भुरभुर सुरू झाली, आई म्हणाली उद्या जाऊ. मी विटकरींचा प्रतिसाद परत वाचून दाखवला आणि आम्ही निघालो. साडेसातला दारात पंधरावीस माणसं. आम्ही कुठे न थांबता, पण अगदी आईच्या चालीने, पाऊस ऐकायच्या ओसरीत गेलो. चहूबाजूंना बारीक नक्षीच्या खिडक्या, मधे बसायला बाक. आई बसली. पहिली पाच मिनिटं काहीच विशेष ऐकू आलं नाही. मग पाऊस जरा वाढला. केळीच्या पानावर जाड, सुटा सुटा आवाज. तळ्यातल्या पानांवर वेगळा, थोडा कोरडा, कारण पानं कडेने वाळलेली होती. आणि कौलाच्या टोकाकडून पडणारी धार, ती तिसरी. आईने डोळे मिटले होते. तासभर तरी आम्ही तिथे होतो. दोन घोळके आले, फोटो काढून गेले. आई म्हणाली, "गुहागरला आजीकडे निजायचे ना, तसंच गं."

पॅगोडा दिसला. पावसात धूसर, पण दिसला. बाबा काही बोलले नाहीत. वहीतलं कात्रण काढून त्यांनी त्याच दिशेने धरलं आणि बराच वेळ एकदा कागद, एकदा तळं असं बघत राहिले. मधे वाढलेल्या झाडामुळे कात्रणातल्यापेक्षा खालचे मजले कमी दिसतात म्हणाले.

माधवीताई, चिठ्ठीने आम्हाला वाचवलं. देवळातल्या नूडल्स आईने दोनदा घेतल्या. चीथौमीही खाल्लं. सोलणाऱ्या बाईंनी आईला बोटातलं लोखंडी नख काढून घालायला दिलं, आईने तीन बिया सोलल्या, दोन फुटल्या. दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या, एक मराठीत, एक सूचौच्या बोलीत.

वांगशीला संध्याकाळी जायला जमलं नाही. माझा पासपोर्ट लॉजवर राहिला, आणायला गेले तोवर उशीर झाला. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी तिथे गेलो आणि यी फू दुपारी. पुढे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: प्रत्येकाचा पासपोर्ट त्याच्याच गळ्यातल्या पिशवीत. वांगशीत काठावर एक मंडप आहे, आत मोठा आरसा बसवलेला. रात्री चंद्र आकाशात, तळ्यात आणि आरशात असा तीनदा दिसावा म्हणून. आम्ही दिवसा गेलो, त्यामुळे आरशात आई दिसली, मागे पाणी, त्या पाण्यात ढग. तो एकच फोटो मी मोठा करून घेतलाय.

फरसबंदीच्या नक्षीबद्दल कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून सांगते. खाली बघून चाला! गोटे, कौलांचे तुकडे, फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कपच्या उभ्या रोवून नक्षी केलेली आहे. एका अंगणात पाच वटवाघळं गोलात. आई दचकली, पण तिकडे वटवाघूळ शुभ, कारण त्याचा उच्चार आणि 'सुख' या शब्दाचा उच्चार एकच, 'फू'. बाबांनी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला. रखवालदार आला, आम्हाला वाटलं रागावणार. त्याने कागदाचं टोक वाऱ्याने उडू नये म्हणून धरून ठेवलं.

विटकरी
रानजाई, हे वाचून सकाळ सार्थकी लागली. त्सांगलांग थिंगला वेळ मिळाला का? खिडक्यांची चित्रं झाली?

रानजाई
हो, विटकरी. यी फूचा चहा आवरता घेऊन तिकडे गेलो, साडेतीनच्या सुमारास. बाबा ओसरीत भिंतीला टेकून जमिनीवरच बसले, एकेक जाळी काढत पुढे सरकायचे. आई बाजूच्या बाकावर. ओस्मँथसचा वास होता, पण झाड काही सापडलं नाही. एकेचाळीस झाल्या. स्कॅन करून उद्या इथे टाकते. एकेचाळिसावी अर्धीच आहे, दार बंद करायची घंटा झाली.

दूर्वा
अर्धीसुद्धा टाका.